फोडणीआधीची वाटी : वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा हलका व परवडणारा आहार



वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या जोडीला आरोग्यविषयक माहितीचा एखादा लेख असावा, असा प्रघात आहे. यंदा निवडलेला विषय मुरगूडसारख्या गावाला प्रथमदर्शनी काहीसा दूरचा वाटण्याचा संभव आहे. वजन घटविण्याची शस्त्रक्रिया आपल्या रुग्णालयात होत नाही. ती कोल्हापूर, बेळगाव, पुणे, मुंबई अशा ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयांत होते. परंतु शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तीन-चार दिवसांत घरी परततो, आणि ते घर वेदगंगेच्या काठच्या एखाद्या गावात असू शकते. तेथून पुढचा सारा प्रवास स्वयंपाकघरात व्हावयाचा असतो. त्या प्रवासातील अडचणी घेऊन माणसे आपल्या बाह्यरुग्ण विभागात येतात. "आता याला खायला काय द्यायचे? आणि रोज एवढे महागाचे डबे कुठून आणायचे?" हा त्यांचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडावे, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रस्तुत लेखक वैद्यकीय व्यावसायिक नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून रुग्णालयाचे प्रशासन पाहतो. त्यामुळे येथे दिलेली माहिती सर्वसामान्य स्वरूपाची समजावी. ज्या शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रिया केली, त्यांनी व त्यांच्या आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेला कागद हाच प्रत्येक रुग्णासाठी अंतिम होय.

शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय?

१९६६ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी जठराला वळसा घालणारी शस्त्रक्रिया प्रथम केली. अल्सरसाठी जठराचा काही भाग काढलेल्या रुग्णांचे वजन उतरते व पुन्हा सहजी वाढत नाही, हे निरीक्षण तिच्या मुळाशी होते. पुढे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊ लागल्यावर ती अधिक सुलभ झाली. आपल्याकडे सप्टेंबर २०११ मध्ये श्री. नितीन गडकरी यांच्यावर अशी शस्त्रक्रिया झाल्याचे वृत्त आले आणि २०१७ साली इजिप्तच्या एमान अहमद यांना उपचारासाठी मुंबईत आणण्यात आले, तेव्हा 'बॅरिअॅट्रिक' हा शब्द मराठी घराघरांत पोहोचला.

आज दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. 'बायपास' प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची, म्हणजे पोहे खाण्याच्या दोन चमच्यांएवढी लहान पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. पहिल्या प्रकारात अन्नाला जागा कमी पडते. दुसऱ्यात जागाही कमी पडते आणि अन्नातील काही द्रव्ये अंगी लागण्याचे प्रमाणही घटते.

ही शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी नव्हे, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे होते. त्यांतील फारच थोड्यांना शस्त्रक्रियेची गरज असते. ज्यांचा मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी किंवा झोपेत श्वास अडकण्याचा विकार अन्य उपायांनी आटोक्यात येत नाही, अशांसाठी तो विचारपूर्वक निवडलेला मार्ग असतो. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली विम्याच्या अटी प्रमाणित केल्या. तेव्हापासून ठराविक वैद्यकीय निकष पुरे करणाऱ्यांना या शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्याची वाट अधिक स्पष्ट झाली. परंतु विमा शस्त्रक्रियेचा असतो. त्यानंतरच्या ताटाचा नसतो. ताटाचा खर्च कुटुंबाने दर महिन्याला, आणि तोही आयुष्यभर, भागवावयाचा असतो. म्हणूनच तो परवडणारा असणे ही उपचाराचीच एक अट ठरते.

पायऱ्या चढताना घाई नको

शस्त्रक्रियेनंतर जठराला टाके भरून येण्यास वेळ द्यावा लागतो. त्यासाठी आहार पायरीपायरीने वाढवितात. पहिले एक-दोन दिवस नितळ पातळ पदार्थ. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांपर्यंत दूध, ताक, गाळलेले कढण असे सर्व प्रकारचे पातळ पदार्थ. तिसऱ्या व चौथ्या आठवड्यात घोटलेले, गुठळी नसलेले अन्न. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ अन्न. आणि सहा ते आठ आठवड्यांनंतर हळूहळू घरचे नेहमीचे जेवण. निरनिराळ्या रुग्णालयांत यात थोडाफार फरक असतो.

या काळात चार नियम सर्वत्र सांगितले जातात. घास लहान घ्यावा व तोंडात त्याचे पाणी होईपर्यंत चावावा. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर किमान अर्ध्या तासाने घोट-घोट प्यावे आणि दिवसभरात मिळून दीड लिटरच्या आसपास द्रव पोटात जाईल असे पाहावे. पोट भरल्याची पहिली जाणीव होताच हात आखडावा, कारण त्यापुढचा एक घासही उलटीला कारण होतो. आणि चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा : पहिला घास प्रथिनांचा असावा.

या चौथ्या नियमाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. शस्त्रक्रियेनंतर वजन वेगाने उतरते. पुरेशी प्रथिने मिळाली नाहीत तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, अशक्तपणा येतो, जखम भरण्यास विलंब लागतो. म्हणून दररोज साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे सांगण्यात येते. पोटात जागा मात्र अर्ध्या वाटीची. अर्ध्या वाटीत भात भरला तर डाळीला जागा उरत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या आहाराचे सारे गणित या एका अडचणीभोवती फिरते.

आपले जुने पथ्य आणि त्यातील उणीव

आजाऱ्याला काय द्यावे हे आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना कोणी शिकवावे लागत नाही. तांदळाची पेज, मऊ भात, मेतकूट, मुगाचे कढण, नाचणीची आंबील, हुलग्याचे माडगे, ताक आणि मांसाहारी घरांत मटणाची अळणी. हे पदार्थ पोटाला हलके आहेत, स्वस्त आहेत, आणि त्यांच्या वासानेच आजाऱ्याला आपण घरी आलो असे वाटते. मनाला मिळणारा हा दिलासा क्षुल्लक मानू नये. महिनाभर केवळ डब्यातील पावडर पाण्यात कालवून पिणारा माणूस अन्नालाच कंटाळतो, आणि कंटाळलेला माणूस पथ्य मोडतो.

तथापि या जुन्या पथ्यात एक उणीव आहे. ते तापातून उठणाऱ्या माणसासाठी योजलेले आहे. असा माणूस आठ दिवसांत पूर्ववत जेवू लागतो, त्यामुळे आठ दिवस नुसती पेज घेतली तरी बिघडत नाही. येथे मात्र अनेक महिने जेवण अत्यल्प राहणार असते. पेज, मऊ भात व साबुदाण्याची खीर यांत पिष्ट पदार्थच अधिक आणि प्रथिने नाममात्र. पाहणाऱ्याला वाटते, माणूस व्यवस्थित खातो आहे. शरीराची मात्र उपासमार चालू असते.

याच्या उलट चूकही तितकीच आढळते. वजन उतरू लागले, केस गळू लागले की नातेवाइकांचा जीव कळवळतो. मग डिंकाचे लाडू, शिरा, ग्लुकोजचे पाणी, उसाचा रस यांचा मारा सुरू होतो. केस गळणे शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास अनेकांत दिसते व बहुधा पुढे थांबते. त्यावर लाडू हा उपाय नव्हे. बायपास झालेल्यांच्या बाबतीत तर गोड पदार्थ लहान पिशवीतून थेट आतड्यात उतरतो आणि अर्ध्या तासाच्या आत छातीत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब असा त्रास होतो. शिवाय रस, काकवी, साखरेचा चहा हे पदार्थ पातळ असल्याने लहान जठर त्यांना अडवू शकत नाही. उतरलेले वजन पुन्हा चढण्याचे ते एक प्रमुख द्वार आहे. गुऱ्हाळांच्या आपल्या प्रदेशात ही सूचना विशेष ध्यानात ठेवावी लागते.

तेव्हा जुने पथ्य टाकून द्यावयाचे नाही. त्यात प्रथिनांची भर घालावयाची आहे. ती कशी, हे पुढे पाहू.

घरच्याच चुलीवर

अनेक कुटुंबांची अशी समजूत असते की, रुग्णासाठी स्वतंत्र स्वयंपाक मांडावा लागेल. अनुभव असा की, स्वतंत्र स्वयंपाक पंधरा दिवस चालतो, सोळाव्या दिवशी थांबतो. त्यापेक्षा एक साधी रीत टिकते. घरासाठी जी डाळ, उसळ, भाजी वा मटण शिजते आहे, त्यातूनच रुग्णाची वाटी तेल-तिखटाची फोडणी पडण्याआधी काढून घ्यावी. तिला किंचित मीठ, जिरे व आल्याचा रस लावावा, रवीने घोटावी, आणि मग उरलेल्या पातेल्याला घराच्या आवडीची फोडणी द्यावी. इंधन वाढत नाही, वेळ वाढत नाही, आणि रुग्ण घरच्या पातेल्यातूनच जेवतो. आपल्या स्वयंपाकघरातून रुग्णांच्या नातेवाइकांना हीच रीत सांगितली जाते. तिला आम्ही 'फोडणीआधीची वाटी' म्हणतो.

पायऱ्यांनुसार काही पदार्थ येथे देत आहोत.

नितळ पातळ पदार्थांच्या दिवसांत मुगाचे गाळलेले कढण, पाण्यासारखे पातळ केलेले व गाळलेले ताक आणि मांसाहारी असल्यास अळणी. अळणी गार झाल्यावर वर चरबीचा थर धरतो, तो पूर्णपणे काढून टाकावा व पाणी फडक्यातून गाळून घ्यावे. या पदार्थांत प्रथिने फारशी नसतात. पाणी, मीठ व उबेसाठी ते उपयोगी आहेत.

पुढच्या दोन आठवड्यांसाठी 'जोडदूध' ही सर्वांत सोपी युक्ती. साय काढलेल्या दीडशे मिलिलिटर दुधात साधारण ५ ग्रॅम प्रथिने असतात. त्यातच पोहे खाण्याचे दोन सपाट चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळली की ती १० ग्रॅम होतात आणि आकारमान वाढत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात १९६३ साली 'गोकुळ' या नावाने परिचित असलेला सहकारी दूध संघ स्थापन झाला व गावोगावी दूध संस्था उभ्या राहिल्या. त्यामुळे दूध ही आपल्याकडे सर्वत्र मिळणारी वस्तू आहे. म्हशीचे दूध असल्यास तापवून, गार करून, साय दोनदा काढावी. ती घरच्या तुपाला कामी येते. दूध ज्यांना सोसत नाही त्यांनी ताक किंवा दही घेऊन पाहावे.

भुदरगड, राधानगरीच्या डोंगरी भागातील नाचणीची आंबील याच दिवसांत पातळ करून देता येते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पण प्रथिने जेमतेम ७ ग्रॅम. म्हणून पीठ नेहमीपेक्षा निम्मे घ्यावे, ते ताकात भिजवून शिजवावे आणि उतरवल्यावर दूध पावडर घोटून मिसळावी. हुलग्याचे माडगे गूळ न घालता, लसूण-जिऱ्याचे करावे. हुलग्यात शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात.

घोटलेल्या अन्नाच्या पायरीवर खिचडीचे प्रमाण उलटे करावे. एरवी आपण दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ घेतो. येथे दोन वाट्या मूगडाळीला एक वाटी तांदूळ घ्यावा. पातळ पिठले, घोटलेले वरण, मऊ शिजवलेले अंडे, पाणी निथळून केलेला बिनसाखरेचा चक्का हे सारे चालते. गरम दुधात लिंबू पिळून घरीच पनीर करावे. ते करताना जे पाणी उरते त्यातही प्रथिने असतात. ते फेकू नये, डाळ शिजविण्यास वापरावे.

मऊ अन्नाच्या पायरीवर मूगडाळीचे धिरडे, आमटीत पूर्ण भिजवून कुस्करलेली भाकरी, उकडून काटे काढलेला मासा, कोंबडीचा बारीक खिमा, वाफवून ठेचलेली मोड आलेली मटकी. मिसळीची आठवण येणाऱ्यास हीच मटकी पातळ, बिनतेलाच्या रश्शात द्यावी. फरसाण व कट वर्ज्य. पांढऱ्या रश्शाची हौसही भागविता येते. नारळाचे दूध व काजू यांऐवजी चरबी काढलेल्या अळणीत घुसळलेले ताक, चमचाभर डाळीचे पीठ, थोडे आले-लसूण व मिरपूड घालून मंद आचेवर ढवळत राहिल्यास चवीला जवळचा व पोटाला हलका रस्सा होतो. तांबड्याने मात्र काही महिने वाट पाहावी, आणि मग डॉक्टरांना विचारून चमच्याने आरंभ करावा.

सणाच्या दिवशी रुग्णाला पंगतीतून उठवून बसवू नये. पुरणपोळीच्या दिवशी हरभऱ्याची डाळ शिजली की गूळ पडण्याआधी अर्धी वाटी डाळ बाजूला काढावी, दुधात घोटावी, वेलदोड्याची पूड घालावी. सोबत वरचे तेल काढलेली, सौम्य केलेली कटाची आमटी द्यावी. घरच्या सणाचे जेवण त्यालाही मिळते. आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनास गेल्यावर महाप्रसादाचा एक कण घेऊन हात जोडले तरी प्रसाद घेतल्याप्रमाणेच आहे, हे घरच्या मोठ्यांनी सांगावे. त्यांनी सांगितले म्हणजे रुग्णाला संकोच वाटत नाही.

हिशेबाची बाजू

आता खर्चाकडे वळू. येथे भाव केवळ हिशेबापुरते धरले आहेत. वाचकांनी आपल्या बाजारातील भाव घालून हीच रीत वापरावी. वस्तूच्या किलोच्या भावाला त्या किलोतील प्रथिनांच्या ग्रॅमनी भागावे, म्हणजे एका ग्रॅम प्रथिनाचा दर निघतो.

सोयाबीनच्या वड्या किलोला १५० रुपये धरल्या तर त्यात सुमारे ५२० ग्रॅम प्रथिने. दर २९ पैसे.
मूगडाळ किलोला १२० रुपये, प्रथिने सुमारे २४० ग्रॅम. दर ५० पैसे.
फुटाणे किलोला १६० रुपये, प्रथिने सुमारे २२० ग्रॅम. दर ७३ पैसे.
अंडे ७ रुपयांस, प्रथिने सुमारे ६ ग्रॅम. दर १ रुपया १७ पैसे.
साय काढलेल्या दुधाची पावडर किलोला ४५० रुपये, प्रथिने सुमारे ३५० ग्रॅम. दर १ रुपया २९ पैसे.
दूध लिटरला ६० रुपये, प्रथिने सुमारे ३३ ग्रॅम; दर १ रुपया ८२ पैसे.
डबाबंद प्रथिन पावडर किलोला ३,००० रुपये व तीत ७०० ग्रॅम प्रथिने असल्यास दर ४ रुपये २९ पैसे. काही डब्यांत शंभर ग्रॅमला ३०-३५ ग्रॅमच प्रथिने असतात. तेथे दर त्याहून चढतो. म्हणून डब्यावरील चित्रापेक्षा मागील बाजूचा तक्ता वाचावा.

या यादीवरून सोयाबीनच्या वड्या व डाळ सर्वांत फायद्याच्या असा निष्कर्ष निघेल, पण त्यात एक मेख आहे. डाळ शिजल्यावर फुगते. अर्ध्या वाटी घट्ट वरणात चार-पाच ग्रॅमच प्रथिने येतात, आणि पोटात तर तेवढीच जागा असते. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांत केवळ डाळीवर भागत नाही. दूध पावडर, अंडे, चक्का यांसारख्या थोड्या जागेत मावणाऱ्या वस्तू लागतात. डॉक्टरांनी आरंभीच्या काळासाठी डबा लिहून दिला असेल तर काटकसरीपायी तो टाळू नये. जागा वाढत गेली की डाळ वाढवावी आणि डॉक्टरांच्या संमतीने डबा कमी करावा. काटकसर कोठे करावयाची आणि कोठे नाही, हे ठरविणे हाच खरा हिशेब होय.

चौथ्या आठवड्यातील एका दिवसाची मांडणी नमुन्यादाखल पाहू. सकाळी जोडदूध, १० ग्रॅम. साडेनऊला मऊ शिजवलेले एक अंडे, ६ ग्रॅम. दुपारी अर्धी वाटी घोटलेली डाळ व तीत कुस्करलेले २५ ग्रॅम घरचे पनीर, ९ ग्रॅम. तीनला ताकात कालवलेले २० ग्रॅम फुटाण्याचे बारीक चाळलेले पीठ, ७ ग्रॅम. सायंकाळी जोडदूध, १० ग्रॅम. आठ वाजता अर्धी वाटी चक्का, ७ ग्रॅम. झोपण्यापूर्वी जोडदूध, १० ग्रॅम. एकूण ५९ ग्रॅम. वर धरलेल्या भावांनी हा दिवस सुमारे ८५ रुपयांत पार पडतो, आणि त्यातील ५० हून अधिक रुपये दुधाचेच असतात. घरी दुभते जनावर असेल तर रोख खर्च आणखी उतरतो. हाच माणूस पूर्वी जे जेवत होता त्याचा खर्च वजा केल्यास घरखर्चावर पडणारा बोजा फार मोठा राहत नाही.

एका खर्चाला मात्र कात्री लावता येत नाही. जीवनसत्त्व ब-१२, ड, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या वा इंजेक्शने डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आयुष्यभर चालू ठेवावी लागतात. जठर लहान झाल्यामुळे, व बायपासमध्ये अन्नाचा मार्गही बदलल्यामुळे, ही द्रव्ये केवळ अन्नातून पुरेशी मिळत नाहीत. "आता बरे वाटते" म्हणून गोळ्या थांबविणारे रुग्ण काही वर्षांनी हातापायांना मुंग्या, रक्तक्षय, ठिसूळ हाडे अशा तक्रारी घेऊन येऊ शकतात. लोहाची व कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नये.

काही लक्षणांत तर घरगुती उपाय करीत बसूच नये. पाणीही पोटात न ठरणे, सतत उलट्या, ताप, पोटात तीव्र वेदना, काळी शौचास होणे, चालताना तोल जाणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे आणि शस्त्रक्रियेचा कागद सोबत आणावा. लांबलेल्या उलट्यांनी ब-१ या जीवनसत्त्वाचा साठा लवकर संपतो व मेंदूला इजा पोहोचू शकते. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेणेही टाळावे; त्यांपैकी अनेकांनी लहान जठराला व्रण पडण्याचा धोका असतो.

जी स्वतः रांधते, तिचे काय?

येथवर 'रुग्णाला वाटी काढून द्यावी' असे आपण म्हणत आलो. पण रुग्ण जर घरातील गृहिणीच असेल, तर वाटी काढणार कोण? आपल्याकडे सर्वांचे झाल्यावर, उरलेसुरले, गार झालेले जेवण्याची रीत अद्याप अनेक घरांत चालू आहे. पहाटे धारा, मग डबे, मग शेत, मग संध्याकाळचा स्वयंपाक. या क्रमात दिवसातून सात वेळा, ठराविक वेळी, वीस-वीस मिनिटे बसून, सावकाश चावून खाण्यास तिला अवकाश मिळणे कठीण. आणि सर्वांत शेवटी उरतो तो बहुधा भात आणि रस्सा. डाळ व अंडी आधीच संपलेली असतात. अशा स्त्रीचे पथ्य मोडले तर तिला बोल लावण्यापूर्वी घराने आपली रीत तपासावी. पातेले उतरताच पहिली वाटी तिची निघाली पाहिजे. ती वाटी नवऱ्याने काढावी, सासूबाईंनी काढावी, मुलांनी काढावी. या उपायाला एक रुपयाही लागत नाही, आणि वर दिलेल्या सर्व पाककृतींपेक्षा त्याचे मोल अधिक आहे.

देणगीदारांस नम्र विनंती

धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून लागू असलेल्या योजनेत निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के खाटा राखून ठेवाव्या लागतात, दुर्बल घटकांसाठी आणखी दहा टक्के खाटा सवलतीच्या दरात द्याव्या लागतात, आणि देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. रुग्णालयाकडून जेवण पुरविले जात असल्यास निर्धन रुग्णाला ते विनामूल्य मिळते. ही तरतूद खाटेपाशी थांबते. रुग्ण घरी गेल्यावर त्याच्या वाटीत काय पडते, हे कोणत्याही निधीच्या कक्षेत येत नाही. ते समाजाच्या आस्थेवर अवलंबून राहते.

वडिलांच्या पुण्यतिथीनिमित्त वा मुलाच्या वाढदिवसानिमित्त रुग्णांना फळे व मिठाई वाटण्याची परंपरा आपल्या परिसरात आहे. तीमागील भावनेबद्दल आम्हांस पूर्ण आदर आहे. त्याच भावनेने, त्याच रकमेत, साय काढलेल्या दुधाच्या पावडरीची पाकिटे, मूगडाळ, फुटाण्याचे पीठ वा अंड्यांचे ट्रे दिल्यास त्यांचा उपयोग वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांपुरता मर्यादित राहणार नाही. अन्ननलिकेच्या व तोंडाच्या विकारांचे रुग्ण, क्षयरोगातून उठणारे, पोटाची अन्य शस्त्रक्रिया झालेले, दात नसलेले वृद्ध या सर्वांना थोड्या जागेत अधिक पोषण हवे असते आणि सर्वांना ते मऊ हवे असते. एका पेढ्याच्या बॉक्सच्या किमतीत एका रुग्णाची कित्येक दिवसांची जोडदुधाची पावडर येते.

ज्या कुटुंबांत अशी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत आपला आहाराचा कागद घेऊन निःसंकोच यावे. त्यातील प्रत्येक ओळ घरच्या पातेल्यात कशी उतरवायची, याची माहिती आपल्या स्वयंपाकघरातून विनामूल्य दिली जाते. येताना शक्यतो स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीस सोबत आणावे. आणि रुग्ण व स्वयंपाक करणारी व्यक्ती एकच असेल, तर घरातील आणखी एका माणसास आणावे, ही आग्रहाची विनंती.

प्रशासक
मुरगूड, ता. कागल, जि. कोल्हापूर